एकच जनरेटर आहे, लाईट गेली की आधी लिफ्ट की पाण्याचा पंप?

तुम्ही म्हणताय सोसायटीत छोटा जनरेटर एकच, लाईट गेली की वरचे मजलेवाले लिफ्ट मागतात नि खालचे पाणी, तर आधी काय द्यायचं. मी मुलुंडला आमच्या बिल्डिंगचा सेक्रेटरी आहे, हे भांडण दर पावसाळ्यात ऐकतो.

कोण किती ओरडतंय ते सोडा, कुठली गोष्ट किती वेळ थांबू शकते ते बघा. लिफ्टमध्ये माणूस अडकला असेल तर तो थांबू शकत नाही, म्हणून आधी लिफ्ट. पाणी थांबतं, कारण म्युन्सिपालटीचं पाणी त्याच्या टायमाला खालच्या टाकीत प्रेशरनेच पडतं, त्याला आपली लाईट लागत नाही, आणि गच्चीवरची टाकी भरलेली असेल तर काही तास आरामात निघतात. मग लिफ्ट बंद ठेवून अर्धा तास पंप मारायचा आणि परत लिफ्ट. दोन्ही एकदम लावू नका हं, मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, छोटा जनरेटर तिथेच बसतो. फायर पंपाची सोय मात्र वेगळीच हवी, तो या भांडणात आणूच नका.

आणि खरं तर लिफ्टच्याही वर एक गोष्ट आहे, कोणाच्या घरी ऑक्सिजनचं मशीन चालू आहे का. ती यादी वॉचमनकडे आधीच लिहून ठेवा, लाईट गेल्यावर दारं वाजवत फिरण्यात अर्थ नाही, आणि त्या घरात भरलेला सिलेंडर असलाच पाहिजे, जनरेटर काय, कधीही दगा देतो.

डिझेल जपून. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची लाईट गेली, लोकल जागच्या जागी उभ्या, सगळ्यांना वाटलं येईल तासाभरात. पण ती टप्प्याटप्प्याने आली, रेल्वे दुपारी सुरू झाली आणि काही एरियात संध्याकाळ उजाडली. सकाळीच पॅसेजचे सगळे लाईट लावून डिझेल जाळलं असेल तर संध्याकाळी पंपाला काय घालणार?

पाणी तुंबलं तर मात्र हा सगळा हिशोब बाद. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, तसं काही झालं आणि मीटर रूममध्ये पाणी शिरायला लागलं तर मेन बंद, जनरेटरही बंद, कोणी कितीही भांडो. त्याआधी लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन उभी करा, खालचा खड्डा पहिला भरतो. पंपाचं पॅनल वर उचलून घ्यायचं असेल तर ते मे महिन्यातच उरका, जूनमध्ये इलेक्ट्रिशियन फोन उचलत नाही.