मॉरिशसच्या मळ्यावर गेलेला पूर्वज कसा शोधावा?

प्रश्न : आमच्या जावयांचे पूर्वज रत्नागिरीकडून मॉरिशसला ऊसमळ्यावर गेले होते. जहाजाच्या यादीत त्यांचे आडनाव सापडत नाही. काय करावे?

उत्तर : आडनाव बाजूला ठेवा. गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुराची नोंद बहुधा एकट्या नावाने होई, सोबत बापाचे नाव. पुढे तेच बापाचे किंवा स्वतःचे नाव मुलांचे आडनाव झाले. त्यामुळे आजच्या आडनावाने यादी चाळणे म्हणजे वेळ वाया घालवणे.

खरी किल्ली आहे मजुराचा क्रमांक. उतरताच प्रत्येकाला तो मिळे आणि जन्मभर कागदोपत्री चिकटून राही. म्हणून शोध उलटा करा: जावयांच्या आजोबांपासून जन्म-विवाहाचे दाखले काढत एकेक पिढी मागे जा. जुन्या दाखल्यांत आईबापांच्या नावापुढे हा क्रमांक अनेकदा लिहिलेला असतो. तो घेऊन मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या भारतीय आप्रवासी अभिलेखागारात विचारणा करा. नोंदवहीत जहाज, आगमनाची तारीख, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा मिळू शकतो. १८६० च्या दशकापासूनच्या काहींचे छायाचित्रही आहे.

गाव वाचताना घाई नको. कारकुनाने कानावर पडले तसे इंग्रजीत लिहिले आहे. रत्नागिरीचे स्पेलिंग ‘रटनाघेरी’ असे वाचावे लागते. नाव मोठ्याने, मालवणी हेल काढून म्हणून पाहा, पुष्कळदा तिथेच उलगडते. आणि ‘मुंबई’ लिहिले असेल तर ते गाव नव्हे, बहुतेक चढण्याचे बंदर.