‘फॉरमॅट मारू?’ आणि त्यावरची काट

प्रश्न: कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. मुलगा बीसीएच्या शेवटच्या वर्षाला. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात अर्धवेळ कॉम्प्युटरचं बघतो. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी त्यानं तिथल्या लिनक्स सर्व्हरचं अपग्रेड केलं आणि तो परत चालूच होईना. रात्रभर झगडून सकाळी चालू केला, पण मालक नको ते बोलले. आता म्हणतो, हे सोडतो, बँकेच्या परीक्षा देतो. की पुण्याला क्लाऊडच्या कोर्सला घालू? त्याच्या वहीच्या पानांचे फोटो जोडलेत.

उत्तर: नमस्कार. खरं सांगायचं तर पत्रापेक्षा वहीच जास्त वेळ वाचली.

पहिल्या पानावर रात्री ९:४० ची नोंद: ‘कर्नल पॅनिक, अनेबल टू माउंट रूट एफएस’. म्हणजे नवा कर्नल (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) जागा झाला, पण ज्या डिस्कवर सगळा संसार आहे ती त्याला सापडेना. डिस्कपर्यंत पोचवणारे ड्रायव्हर इनिट्रॅमएफएस नावाच्या गाठोड्यात असतात. इथे ते गाठोडंच बांधलं गेलं नव्हतं, कारण बूटचं पार्टिशन, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फायलींचा डिस्कवरचा कप्पा, जुन्या कर्नलांनी गच्च भरलेलं. हे त्याला कळलं पहाटे. त्याआधी दुसऱ्या पानावर एक ओळ आहे, ‘फॉरमॅट मारू?’, म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्यानं टाकू का, आणि तिच्यावर काट. इतकी दाबून मारलीय की कागद फाटलाय.

मला जे बघायचं होतं ते त्या काटेत मिळालं. तिथे भल्याभल्यांचा हात घसरतो. माझाही घसरला होता. समुपदेशनात येण्याआधी मी एका कार्यालयात मशीन सांभाळायचो. कर्नलला उठवणारा छोटा प्रोग्राम आज ग्रब असतो, तेव्हा लिलो असायचा. बूटमधलं काही बदललं की त्याची कमांड परत चालवायची, ती मी विसरलो. रीस्टार्टनंतर पडद्यावर ‘एल आय’ एवढी दोन अक्षरं आली आणि मशीन गप्प. घाबरून मी सगळं नव्यानं टाकलं. पाच मिनिटांचं काम होतं, मी चार महिन्यांच्या नोंदी घालवल्या.

तुमच्या मुलानं ग्रबच्या मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन जुना कर्नल निवडला. तो उठला. मग नको ते कर्नल काढून जागा केली, अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी केली, गाठोडं नव्यानं बांधलं आणि ग्रब अपडेट केला. नवं सेटिंग फसलं तर तुम्ही लेथ भंगारात घालत नाही, आधीच्या सेटिंगवर येऊन बघता. हे तेच.

चूक त्याची आहेच. आधी ‘डीएफ’ कमांड मारून डिस्कवरची जागा बघितली असती तर ही रात्र आलीच नसती. बॅकअपही नव्हता. त्यावर मालक बोलले असतील तर बरोबरच बोलले. (शिव्या वेगळ्या. त्या त्यानं का ऐकून घ्याव्यात?)

पुण्याच्या कोर्सला आत्ता पैसे घालू नका. क्लाऊडवरही, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेलेही, बरेचसे सर्व्हर लिनक्सचेच असतात, आणि तिथला उठला नाही तर पेन ड्राइव्हही लावता येत नाही. बऱ्याचदा डिस्क सोडवून दुसऱ्या सर्व्हरला जोडावी लागते. आधी घरच्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आतला नकली कॉम्प्युटर) करून त्यानं ती मुद्दाम मोडावी. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) चुकीचा यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा ओळख क्रमांक, घालावा, ग्रब उडवावा, मग लाइव्ह आयएसओवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्सवरून) शिरून, सीएचरूट करून, म्हणजे मोडलेल्या सिस्टिमच्या आत जाऊन, दुरुस्त करावी. दहा वेळा जमलं की रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या आरएचसीएसए परीक्षेकडे वळावं. तिथे बहुपर्यायी प्रश्न नसतात. मशीनवर काम करून दाखवायचं, आणि रीस्टार्टनंतरही ते टिकलं तरच गुण. ३०० पैकी २१० लागतात.

एक मात्र त्याच्याशी मोकळेपणानं बोला. या कामात जग झोपतं तेव्हा सर्व्हर उघडतात. सणासुदीला फोन येतो. त्याला ते नको असेल तर बँक वाईट नाही, पण हा निर्णय मालकाच्या बोलण्याच्या आठवड्यात नको. बीसीएची परीक्षा होऊ दे, मग बोलायला बसा.

आणि सोमवारी कामावर गेला की मालकांना त्यानं एवढंच विचारावं: साहेब, बॅकअपची डिस्क कधी आणायची?