परदेशात पाहुणा म्हणून ग्लायडर (बिनइंजिनाचं विमान) उडवता येतं का? हडपसरला शिकलोय, जानेवारीत न्यूझीलंडला जातोय. आपलं लायसन्स तिथे चालेल का?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण हडपसरहून थेट न्यूझीलंड हा उद्योग मीही केलेला आहे.

लायसन्सचं आधी उरकतो. आपलं डीजीसीएचं (भारताच्या विमान वाहतूक नियामकाचं) लायसन्स पुढे केलं की लगेच एकट्याच्या हाती ग्लायडर देतील, असं धरून चालू नका. पण त्याची गरजच काय? पुढच्या सीटवर तुम्ही आणि मागे तिथला इन्स्ट्रक्टर असं उडायचं असेल, तर विमानाचा कॅप्टन तो. तुम्ही शिकाऊ. क्लबचं तात्पुरतं सभासदत्व घेतलं की सहसा काम भागतं. सोलोचा हट्ट धरलात तर मग मान्यता, मेडिकल, चेक फ्लाइट असं सगळं मागे लागतं. दोन आठवड्यांच्या सुट्टीत मी त्या फंदात पडलो नाही, आणि पडलो नाही तेच बरं झालं. का, ते सांगतो.

मी गेलो होतो ओमारामाला. दक्षिण बेटावरचं एवढंसं गाव, पण 1995 ची जागतिक ग्लायडिंग स्पर्धा तिथे झालेली. वायव्येचा वारा सदर्न आल्प्सवर चढतो, पश्चिमेच्या अंगाला सगळा पाऊस ओतून मोकळा होतो आणि डोंगर ओलांडल्यावर लाटांसारखा वर-खाली होत पुढे जातो. त्या लाटांवर चढायला जगभरातून लोक येतात.

पहिली फजिती जमिनीवरून उठतानाच झाली. हडपसरला आपण विंचवाले, म्हणजे जमिनीवरचं यंत्र दोर गुंडाळत ग्लायडर ओढून वर चढवतं. मिनिटभरात हजारेक फूट, दोर सुटला, की उतरायची तयारी सुरू. तिथे मात्र पुढे विमान, मागे दोर, आणि दोराच्या टोकाला आपण, तेही पाच-दहा मिनिटं. पहिल्या खेपेला मी विहिरीतल्या बादलीसारखा डावी-उजवीकडे झोके घेत होतो. शेवटी मागून इन्स्ट्रक्टरचं शांतपणे ‘माय कंट्रोल’ (आता मी चालवतो) ऐकू आलं. पुढच्या विमानाच्या खुणा मात्र जमिनीवरच घोकून जा. त्याने पंख हलवले तर दोर सोडायचा, तत्क्षणी. नुसतं रडर (शेपटीची उभी पट्टी) हलवलं तर आपले एअरब्रेक, म्हणजे उंची कमी करायच्या पंखावरच्या पट्ट्या, उघडे राहिलेत का ते बघायचं. या दोन खुणांची गल्लत करून, काहीही बिघडलेलं नसताना कमी उंचीवर दोर सोडणारे पायलट झालेले आहेत. बाकी आतली मांडणी ओळखीचीच. दोर सोडायची मूठ पिवळी, एअरब्रेकची निळी, ट्रिमची (नाकाचा कल स्थिर ठेवायची) हिरवी. हे रंग कुठेही गेलात तरी तेच. स्पीडोमीटर तेवढा नीट वाचा. एएसके-21 मध्ये (शिकवण्याचं दोन सीटांचं ग्लायडर) काटा किलोमीटरमध्ये असेल तर उतरताना 90-100 दिसायला हवा, नॉटमध्ये असेल तर 50-55.

दुसरी फजिती सूर्याने केली. पुण्यात एप्रिलमध्ये घार गाठायची आणि तिच्याखाली जाऊन घिरट्या घालायच्या, एवढंच माझं थर्मलशास्त्र (थर्मल म्हणजे तापून वर चढणारी हवा). डोंगराबद्दल जे काही वाचलं होतं ते युरोपातल्या पुस्तकांत, त्यामुळे ‘दक्षिणेकडचा उतार तापतो’ हे डोक्यात पक्कं. भर दुपारी मोठ्या आत्मविश्वासाने दक्षिण उताराला जाऊन चिकटलो आणि व्हेरिओचा (आपण चढतोय की उतरतोय ते दाखवणाऱ्या मीटरचा) काटा बसला की खाली. इन्स्ट्रक्टरने थोडा वेळ मला बुडू दिलं. मग विचारलं, ‘सूर्य कुठे आहे?’ उत्तरेला होता! दक्षिण गोलार्धात तो उत्तरेकडूनच जातो आणि तापतात ते उत्तरेकडचे उतार, हे शाळेत शिकलेलं सगळं त्या क्षणी आठवलं. एकटा असतो तर कुठल्या तरी मेंढ्यांच्या कुरणात उतरलो असतो.

कुरण मिळालं तरी नशीब म्हणायचं. हडपसरला कितीही चुकलो तरी मैदान पायाखाली असतं. तिथल्या अरुंद खोऱ्यांमध्ये उतरण्याजोगी जागा मोजक्या. एएसके-21 शांत हवेत हजार मीटर उंचीवरून चौतीसेक किलोमीटर जातं, पण डोंगरामागच्या खाली जाणाऱ्या हवेत तो हिशेब पार कोलमडतो. म्हणून मागचा माणूस सारखा एकच विचारत राहायचा, ‘आत्ता उतरावं लागलं तर कुठे?’ पहिल्या दिवशी वैताग आला. तिसऱ्या दिवशी त्याने विचारायच्या आधी मीच बोट दाखवायला लागलो. डोंगरकड्याच्या कडेने उडताना वळायचं ते नेहमी डोंगरापासून दूर. समोरासमोर आलात तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर त्याचा हक्क पहिला, दुसऱ्याने बाजूला व्हायचं. ओव्हरटेकचे नियम देशागणिक बदलतात, ते सकाळच्या ब्रीफिंगमध्ये विचारून घ्या.

वेव्ह, म्हणजे डोंगरापलीकडची ती लाट, मात्र मिळाली, एकदाच. आधी खालच्या रोटरमध्ये, म्हणजे लाटेखालच्या घुसळलेल्या हवेत, असे धक्के, की आपल्या घाटातली एसटी परवडली. पट्टे आवळले तरी डोकं कॅनॉपीवर आपटलं. आणि मग एकदम सगळं थांबलं. काटा वर, आणि पाण्याचा ग्लास ठेवला तरी सांडणार नाही इतकी शांतता. दहा हजार फुटांच्या जवळ आल्यावर ऑक्सिजनच्या नळ्या नाकाला लावल्या. लांबवर माउंट कुक दिसत होता, 3724 मीटर. मी काही बोललो नाही, मागचाही नाही.

लॉगबुक मूळ प्रत घेऊन जा. विमा कोणाचा आणि काही मोडलं तर पदरचे किती जातील, हे उडायच्या आधी विचारा, लाजू नका. सकाळी ब्रीफिंगला हजर राहा आणि ग्लायडर हँगरमध्ये ढकलून होईपर्यंत थांबा. दुपारी दोनला उगवून ‘माझा नंबर कधी?’ विचारणारा माणूस तिथे कुणालाच आवडत नाही.

आणि तुम्ही माझ्यासारखे किडकिडीत असाल तर वजन करून जा. पुढच्या सीटला किमान वजनाची पाटी असते, बहुतेकदा 70 किलोची. मी पॅराशूट पाठीला बांधूनही तेवढा भरत नव्हतो. शेवटी शिशाच्या वजनांवर बसवलं मला.