‘मास्टर टेप’ म्हणजे ‘मूळ ध्वनिफीत’ नव्हे

प्रश्न असा आला आहे: बीटल्स या बँडच्या स्टुडिओतील ध्वनिमुद्रणांची मराठी सूची करायची आहे. त्यात ‘मास्टर टेप’साठी ‘मूळ ध्वनिफीत’ आणि ‘टेक’साठी (एका वेळी घेतलेले, क्रमांक दिलेले मुद्रण) ‘प्रयत्न’ हे शब्द चालतील का? ‘सेशन’ला ‘बैठक’ म्हणावे की ‘सत्र’?

‘सत्र’ चालेल. ‘प्रयत्न’ नको. ‘मूळ ध्वनिफीत’ तर मुळीच नको, कारण त्या एका शब्दाने सूचीतील निम्म्या नोंदी चुकीचे सांगू लागतील.

मराठीत ‘मूळ’ हा शब्द उगम सांगतो. मूळ प्रत आधी, नक्कल नंतर. लंडनच्या ॲबी रोडवरील, इएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीच्या स्टुडिओत मास्टर कसा तयार होत असे ते पाहिले, की तो उगमापाशी नसतो हे कळते. बँड वाजवत असताना जी फीत फिरत असे ती सत्राची फीत. १९६३ च्या ऑक्टोबरपर्यंत बीटल्ससाठी तिच्यावर जास्तीत जास्त दोन मार्गिका (ट्रॅक, म्हणजे शेजारशेजारचे वेगळे पट्टे) असत. बहुधा एकीवर वाद्ये, दुसरीवर गळे. १७ ऑक्टोबर १९६३ पासून चार मार्गिका आल्या, १९६८ मध्ये आठ. या फितीवरून मोनो किंवा स्टिरिओ ध्वनिमिश्रण करून ते पाव इंची फितीवर घेतले जाई. मग पसंत पडलेली मिश्रणे कापून, अल्बममधल्या क्रमाने, मध्ये कोरी फीत घालून एका रिळावर सांधली जात. हे रीळ म्हणजे मास्टर. म्हणजे तो मुळापासून किमान एक पिढी पुढचा असतो, आणि मध्ये मार्गिका एकवटल्या, म्हणजे मिसळून दुसऱ्या फितीवर कमी मार्गिकांत उतरवल्या असतील, तर त्याहून पुढचा.

ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, उपलब्ध पोथ्या ताडून, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ती मूळ प्रत नव्हती, जवळजवळ तीनशे वर्षे नंतरची होती. पण पुढच्या नकला कोणत्या पाठावरून व्हाव्यात हे तिने ठरवले. मास्टरचे काम नेमके हेच. त्याचा मान वयामुळे नाही, त्याला प्रमाण मानायचे ठरले म्हणून आहे. म्हणून माझी सूचना ‘प्रमाणफीत’ अशी आहे. आणि हा शब्द रुळेपर्यंत सरळ ‘मास्टर’ लिहिले तरी बिघडत नाही. चुकीच्या मराठी शब्दापेक्षा बरोबर कळणारा इंग्रजी शब्द बरा.

‘मूळ’ लिहिल्याने काय बिघडते ते दोन गाण्यांत दिसते. ‘शी लव्ह्ज यू’ हे गाणे १ जुलै १९६३ रोजी मुद्रित झाले. त्याची दोन मार्गिकांची सत्र-फीत आज नाही. उरला आहे तो मोनो मास्टर. या गाण्यापुढे ‘मूळ ध्वनिफीत: उपलब्ध’ असे लिहिले तर वाचक समजेल की गळे आणि वाद्ये अजून वेगळी हाती आहेत. तसे नाही. ‘लव्ह मी डू’चे ४ सप्टेंबर १९६२ चे मुद्रण तर याच्याही पलीकडे गेले. त्याची सत्र-फीतही नाही आणि मास्टरही नाही; नंतरच्या संग्रहांसाठी ते जुन्या तबकडीवरूनच उतरवून घ्यावे लागले. त्यामुळे सूचीत ‘सत्र-फीत’, ‘मास्टर’ आणि ‘आजच्या प्रतीचा आधार’ असे तीन वेगळे रकाने हवेत. तिसऱ्यात ‘तबकडी’ असेही येऊ शकते, हे या गाण्यामुळे पटते.

हा भेद पाळला की आणखी दोन शब्द आपोआप सरळ होतात. रीमास्टर करणारा मास्टरपाशी जातो आणि त्याचा आवाज स्वच्छ, समतोल करतो. गिटार पुढे आणि गळा मागे असे त्याला करता येत नाही. रीमिक्स करणारा सत्र-फितीपाशी जातो आणि मार्गिका पुन्हा मिसळतो. बीटल्सच्या अल्बमांच्या २००९ च्या सीडी रीमास्टर आहेत, तर ‘सार्जंट पेपर’ची २०१७ ची आवृत्ती रीमिक्स आहे. आपल्याकडे मात्र ‘रीमिक्स’ म्हटले की जुन्या गाण्यावर नवा ठेका चढवून ते पुन्हा गाऊन घेतलेले, असाच अर्थ मनात येतो. मराठी सूचीत म्हणून ‘रीमिक्स’ एकटे सोडू नये, ‘नवे ध्वनिमिश्रण’ लिहावे.

‘मास्टर’ या शब्दाची इंग्रजीतही ओढाताण झाली आहे. तबकडीच्या कारखान्यात लॅकरच्या तबकडीवर धातूचा थर चढवून जो उलटा ठसा काढतात त्यालाही मास्टर म्हणतात. त्यावरून निघते ती ‘मदर’, आणि मदरवरून तबकड्या दाबण्याचा ‘स्टॅम्पर’. करारांच्या भाषेत ‘मास्टर्स’ म्हणजे ध्वनिमुद्रणाची मालकी. अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टने २०२५ मध्ये आपले मास्टर्स विकत घेतले, ही बातमी खोक्यांतल्या रिळांची नव्हती, हक्कांची होती. सूचीत फितीसाठी ‘मास्टर’, कारखान्यासाठी ‘धातूचा ठसा’ आणि करारासाठी ‘ध्वनिमुद्रणाचे हक्क’ असे तीन शब्द ठेवले की घोळ होत नाही.

आता ‘टेक’. ‘प्रयत्न’ या शब्दात अपयशाची छटा आहे. प्रयत्न केला म्हणजे जमले असेलच असे नाही. ‘ट्विस्ट अँड शाउट’चा पहिलाच टेक अल्बमवर आहे. तिथे ‘पहिला प्रयत्न’ असे लिहिणे विचित्र वाटते. पण खरी अडचण वेगळी आहे. टेकचा आकडा गाणे किती वेळा वाजवले ते सांगत नाही. सुरुवातीलाच चुकून थांबलेला टेक मोजला जातो, मध्येच मोडलेलाही मोजला जातो, आणि चार मार्गिका दुसऱ्या फितीवर एकवटल्या की त्या नकलेलाही पुढचा क्रमांक मिळतो. कोणी काही वाजवलेले नसते, तरी आकडा वाढतो.

‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ हे याचे उत्तम उदाहरण. काम २४ नोव्हेंबर १९६६ ला सुरू झाले. सहाव्या टेकच्या मार्गिका एकवटून सातवा झाला. पुढे गाणे वेगळ्या पद्धतीने, जलद लयीत पुन्हा बांधले. १५ आणि २४ हे टेक सांधून, एकवटून २५ वा केला. त्यावर ट्रम्पेट आणि चेलो भरले आणि पुन्हा एकवटून २६ वा केला. २२ डिसेंबरला निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी ७ आणि २६ एकमेकांना जोडले. दोन्हींची लय वेगळी, पट्टी वेगळी. फितीचा वेग बदलून ती जुळवली. गाणे सुरू झाल्यावर साधारण एका मिनिटाने तो सांधा येतो. इथे ‘२६ वा प्रयत्न’ लिहिणारा वाचकाला सरळसरळ चुकीची माहिती देतो. ‘नॉट गिल्टी’चा आकडा १०२ पर्यंत गेला, पण तो १०२ वा टेकही ९९ व्यावरून एकवटलेलाच आहे.

म्हणून ‘टेक’ तसाच ठेवावा आणि त्याच्यापुढे एका शब्दात त्याची जात लिहावी: पूर्ण, मोडला, सुरुवात चुकली, एकवटलेला, तुकडा. ‘तुकडा’ हा नंतर जोडण्यासाठी वेगळ्या वाजवलेल्या भागासाठी. इएमआयच्या खोक्यांवर पसंत टेकपुढे ‘बेस्ट’ लिहिलेले असे. त्यासाठी ‘उत्तम’ नको, ‘पसंत’ लिहावे. तो त्या दिवशीचा निर्णय होता, गुणवत्तेवरचा शेरा नव्हे, आणि दुसऱ्या दिवशी तो बदलतही असे. ‘आउटटेक’ला ‘वगळलेला टेक’ पुरेसे आहे. ‘टेक’ हा आधार किंवा निश्चय या अर्थाने मराठीत आधीपासून आहे आणि तो स्त्रीलिंगी आहे. स्टुडिओतला टेक पुल्लिंगी. ‘पहिला टेक’ म्हटले की गोंधळ राहत नाही.

दोन प्रकाशित आवृत्त्या वेगळ्या वाजतात म्हणून टेक वेगळा धरायचा, ही चूकही नेहमी होते. ‘लेट इट बी’ची सिंगल आणि अल्बम यांचा पाया एकच, ३१ जानेवारी १९६९ चा टेक. सिंगलमधले गिटारचे एकल वादन ३० एप्रिल १९६९ ला भरले, अल्बममधले ४ जानेवारी १९७० ला. याला टेकभेद म्हणू नये, मिश्रणभेद म्हणावे. पोथ्यांचे पाठभेद नोंदवायची सवय असलेल्या भाषेला हा शब्द जड जाऊ नये.

‘ट्रॅक’ हा शब्द तर सूचीत दोन अर्थांनी घुसतो: अल्बमवरचे गाणे आणि फितीवरचा उभा पट्टा. पहिल्यासाठी ‘गाणे’ लिहावे. दुसऱ्यासाठी रस्त्यांमुळे आणि मेट्रोमुळे सर्वांना माहीत झालेला ‘मार्गिका’ शब्द अगदी नेमका बसतो: एकाच फितीवर शेजारून जाणाऱ्या, एकमेकींत न मिसळणाऱ्या वाटा. ‘पट्टी’ मात्र टाळावी. गाण्याच्या संदर्भात ती काळी चार, पांढरी दोन अशी स्वराची जागा सांगते. ‘ओव्हरडब’चेही तसेच. ‘डबिंग’ म्हटले की आपल्याला चित्रपटात एकाच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज आठवतो. इथे आधीच्या आवाजाला धक्का न लावता रिकाम्या मार्गिकेवर नवा आवाज घेतलेला असतो. कॅसेटच्या काळात ‘गाणी भरून घेणे’ हा प्रयोग घराघरांत होता. तोच वापरावा: ‘२५ व्या टेकवर ट्रम्पेट भरले.’ यापेक्षा चांगले क्रियापद शोधूनही मिळणार नाही.

‘बैठक’ सुंदर शब्द आहे, पण संगीतात ती श्रोत्यांसमोरची मैफल. ‘सत्र’ नेमके आहे, कारण इएमआयमध्ये ते खरोखरच तीन तासांचे, ठरलेल्या वेळांचे असे: सकाळी १० ते १, दुपारी अडीच ते साडेपाच, संध्याकाळी ७ ते १०. वेळा लांबत, तरी हिशेब सत्रांचाच. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात बीटल्सच्या पहिल्या अल्बमची १० गाणी मुद्रित झाली, ती तीन सत्रांत. म्हणून दिवस आणि सत्र हे रकाने वेगळे. पुढच्या वर्षांत संध्याकाळी ७ ला सुरू झालेले काम पहाटेपर्यंत चाले; अशा सत्राला ते सुरू झाले ती तारीख द्यावी आणि संपल्याची वेळ पुढे लिहावी. नाहीतर एकाच रिळाला दोन तारखा पडतात आणि सत्रांची संख्या फुगते.

नमुन्यासाठी ‘द इनर लाइट’ घ्यावे, कारण त्याची नोंद मुंबईत सुरू होते. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसनने फोर्ट भागात फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांकडून या गाण्याचा वाद्यमेळ वाजवून घेतला. फीत दोन मार्गिकांची. पाचवा टेक पसंत ठरला. लंडनला ६ फेब्रुवारीला तो चार मार्गिकांच्या फितीवर उतरवला आणि ती नक्कल सहावा टेक झाली. गळे त्या फितीवर भरले. नोंद अशी होईल: ‘टेक १ ते ५, मुंबई, दोन मार्गिका, ५ पसंत. टेक ६, लंडन, ५ वरून उतरवलेला, चार मार्गिका, गळे भरले.’ हे गाणे मार्च १९६८ मध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला आले. ‘मूळ ध्वनिफीत’ असा एकच रकाना असता तर त्यात मुंबई लिहायचे की लंडन, याचे उत्तर मिळाले नसते.

गाण्याच्या नावांबद्दल थोडे. खोक्यावर बहुधा तात्पुरते नाव असते. ‘टुमॉरो नेव्हर नोज’ ६ एप्रिल १९६६ ला ‘मार्क वन’ या नावाने सुरू झाले. ‘लव्ह यू टू’ काही दिवस ‘ग्रॅनी स्मिथ’ होते, जे एका सफरचंदाचे नाव आहे. याला ‘कामचलाऊ नाव’ म्हणू नये, त्यात निकृष्टपणा डोकावतो. ‘तात्पुरते नाव’ म्हणावे. खोक्यावरचा मजकूर चुकांसकट अवतरणात जसाच्या तसा उतरवावा आणि फितीवर जे ऐकू येते ते वेगळ्या रकान्यात लिहावे. टेकच्या आधी नियंत्रण कक्षातून नाव आणि क्रमांक पुकारलेला असतो. खोके आणि पुकारा यांत तफावत दिसली तर क्रमांकासाठी पुकारा धरावा, कारण खोकी बदलतात, पुकारा फितीलाच चिकटलेला असतो. पण दोन्ही नोंदवावेत.

रिळांच्या नोंदीत वेग आणि लांबी हवीच. सेकंदाला १५ इंच वेगाने २,४०० फुटांचे रीळ बरोबर ३२ मिनिटे चालते. नोंदीतल्या टेकांची बेरीज त्याहून जास्त आली तर कुठेतरी दोन रिळे एक समजली गेली आहेत. आणि फीत कोणत्या टोकाने बाहेर आहे तेही लिहावे. वाजवून संपल्यावर तशीच, उलट न गुंडाळता ठेवलेली फीत म्हणजे ‘शेवट वर’. गुंडाळून सुरुवातीला आणलेली ‘सुरुवात वर’. साठवताना पहिली पद्धत चांगली, कारण फितीच्या एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो, आणि असे ठेवल्यास तो मुख्यतः खऱ्या आवाजानंतर येऊन त्यात लपतो. उलट ठेवल्यास गाणे सुरू होण्याआधीच त्याची कुजबुज ऐकू येते. ‘शेवट वर’ हे दोन शब्द खोक्यावर नसतील तर पुढचा माणूस ती तशीच यंत्रावर चढवतो आणि त्याला गाणे उलटे ऐकू येते.

लिंगाचा प्रश्न विचारलेला नाही, पण सूचीत तो पडणारच. ‘टेप लावला’ यात टेप म्हणजे यंत्र, तो पुल्लिंगी. ‘टेप तुटली’ यात फीत, ती स्त्रीलिंगी. यंत्रासाठी ‘टेपरेकॉर्डर’, तुटणाऱ्या टेपसाठी ‘फीत’ आणि ती ज्यावर गुंडाळलेली असते त्यासाठी ‘रीळ’ असे तीन शब्द शेवटपर्यंत पाळावेत. मास्टर पुल्लिंगी, प्रमाणफीत स्त्रीलिंगी, सत्र नपुंसकलिंगी.