वर्गातील गोंगाट आणि टेबलावरची छडी

प्रश्न : गेल्या जूनपासून मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिक्षणसेविका आहे. तिसरी आणि चौथी मिळून ३४ मुले माझ्याकडे आहेत. मुले चुणचुणीत आहेत. परंतु मी फळ्याकडे वळले की मागे बाजार भरतो. ‘शांत बसा’ असे ओरडून माझा घसा बसतो. ज्येष्ठ सहकारी टेबलावर छडी ठेवायला सांगतात आणि काही पालकही ‘बाई, खुशाल मारा’ म्हणून जातात. छडीवाचून वर्ग आटोक्यात कसा आणावा?
— एक वाचक, मराठवाडा

उत्तर : छडीचा विषय आधी संपवू. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई करते व उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पालकांनी तोंडी मुभा दिल्याने हे कलम सैल होत नाही. वर्गासमोर उभे करून हिणवणे हा छडीला पर्याय नव्हे, हेही त्यातच आले.

आता गोंगाटाकडे वळू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी वर्गांच्या चित्रफिती बारकाईने तपासून १९७० मध्ये आपले निष्कर्ष मांडले. गडबड झाल्यानंतर शिक्षक कसे रागावतात, यावरून चांगला वर्ग आणि विस्कटलेला वर्ग यांतील फरक त्यांना सांगता येईना. तो फरक होता गडबड होण्यापूर्वी शिक्षक काय करतात यात. तुमच्या पत्रात याचे उत्तर अर्धेअधिक आलेलेच आहे, कारण बाजार भरतो तो तुम्ही पाठ फिरवल्यावर. फळ्यावरचा मजकूर परिपाठापूर्वीच लिहून ठेवावा आणि मध्येच लिहावे लागले तर फळ्याशी तिरके उभे राहून, निम्मे लक्ष मुलांवर ठेवून लिहावे.

दोन इयत्ता एकत्र असताना खरी अडचण रिकाम्या हातांची असते. तिसरीला शिकवायला घेण्यापूर्वी चौथीच्या प्रत्येक मुलाने दिलेले काम सुरू केले आहे, याची बाकांमधून एक फेरी मारून खात्री करावी. काम लवकर संपवणाऱ्यांसाठी पुढचे काम आधीच सांगून ठेवावे, कारण पहिला दंगा बहुधा हुशार मुलेच करतात. वह्या वाटणे, पाणी पिऊन येणे, पोषण आहारासाठी रांग लावणे या कामांची पद्धत एकदा ठरवून दिली आणि गटप्रमुख आळीपाळीने बदलत राहिले, की त्या वेळेतला गोंधळ बराचसा निवतो.

ओरडणे मात्र थांबवावे. तुमचा आवाज चढला की मुलांचाही चढतो. ठरलेल्या ठेक्यात टाळी वाजवावी, मुलांनी तीच परत वाजवावी आणि पूर्ण शांतता होईपर्यंत एकही सूचना देऊ नये. पहिले काही दिवस यात वेळ जाईल, तो जाऊ द्यावा. प्रश्न विचारल्यावर ‘बाई मी, बाई मी’ असा कल्लोळ होत असेल, तर तीनेक सेकंद थांबून मग नाव घ्यावे. त्यामुळे सावकाश विचार करणाऱ्या मुलालाही संधी मिळते.

मात्र सगळाच आवाज बंद करायचा नाही. गटात उदाहरण सोडवताना मुले भांडली, तर तो अभ्यासच आहे, मुख्याध्यापकांना तो व्हरांड्यातून गोंगाट वाटला तरीही. आठ-नऊ वर्षांच्या शरीराला हालचाल हवी असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाड परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली, म्हणजे मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच कुरणात नेली. तुम्हाला लांबी-रुंदीचा पाठ निदान पटांगणात नक्कीच नेता येईल.

एवढे करूनही एखादे मूल सतत दुर्लक्ष करत असेल, तर त्याला एकटे गाठून बोलावे आणि पुढे बसवून पाहावे. त्याला नीट ऐकू येत नसेल किंवा फळा दिसत नसेल, ही शक्यता शाळांमध्ये फारच उशिरा लक्षात येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीसाठी शाळेत येते, तेव्हा अशा मुलांची नावे डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगावीत.