काम धरले तर पेन्शन बंद होईल का?

भोसरी, चाकण, पिंपरी भागातील कारखान्यांत अपंगत्व आलेल्या माणसांकडून मी एकच प्रश्न वारंवार ऐकते : “थोडं काम धरलं, तर मिळतंय ते बंद होईल का?” या प्रश्नाचे पैशांपुरते उत्तर आधी नीट द्यायला हवे, कारण ज्याला पोटाची धास्ती आहे त्याच्याशी केवळ मनाच्या गोष्टी बोलणे मला अन्यायाचे वाटते.

पंचेचाळिशीचे एक गृहस्थ पत्नीसह आले होते. पॉवर प्रेसवर त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली होती. हात रुमालात गुंडाळलेला आणि मांडीवर प्लास्टिकची फाइल. भाचा आपल्या हार्डवेअरच्या दुकानात रोज चार तास हिशेब पाहायला बोलावत होता आणि हे दीड वर्ष टाळत होते.

फाइलमधला एकेक कागद आम्ही वाचला. ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, दोन लाभांची लोक नेहमी गल्लत करतात. जखम भरेपर्यंतचा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ, ज्या दिवशी काम करून वेतन घेतले त्या दिवसाचा मिळत नाही. कायम अपंगत्वाचा लाभ मात्र कमाईची क्षमता किती टक्के गेली यावर ठरतो, त्यामुळे नंतर चार पैसे मिळवले म्हणून तो थांबत नाही. तीन बोटांसाठी ३० टक्के धरले जातात. म्हणजे २०,००० रुपये वेतन असेल, तर ढोबळ हिशेबाने त्याच्या ९० टक्क्यांचे, १८,००० रुपयांचे, ३० टक्के म्हणजे महिना ५,४०० रुपये होतात. हयातीचा दाखला तेवढा वेळेवर द्यावा लागतो. संजय गांधी निराधार योजनेचे तसे नाही. तेथे दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची ५०,००० रुपयांची मर्यादा आहे आणि अर्धवेळ कमाईही त्यात धरावी लागते. म्हणून आपली रक्कम नेमकी कोठून येते, हे काम धरण्याआधी पाहावे आणि कमाई लपवू नये.

“कळलं मॅडम,” ते म्हणाले. तरीही पुढचे तीन आठवडे ते दुकानात गेले नाहीत.

समुपदेशनात मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत, म्हणजे भावनेमागचा विचार शोधून तपासणाऱ्या पद्धतीत, घडलेली आहे. नियम पटूनही भीती हटत नसेल, तर तिच्या मुळाशी स्वतःशीही न बोललेले एखादे वाक्य असते, असे मी मानते. चौथ्या भेटीत मी एवढेच विचारले, “रक्कम बंद होणार नाही, हे तुम्हाला पटलंय. मग दुकानात बसलात तर काय होईल?”

बराच वेळ ते फाइलच्या कडेवर अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “लोक म्हणतील, याचं काही गेलंच नव्हतं.”

त्यांच्या पत्नीने चमकून त्यांच्याकडे पाहिले. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकले होते. मलाही तेव्हा उमगले, की आपल्या हानीची साक्ष पुसली जाईल, याची ही भीती होती. घरी बसून राहणे हाच त्यांचा पुरावा झाला होता.

“तुमची बोटं गेली हे खरं ठरायला तुम्ही घरीच बसलं पाहिजे का?” मी विचारले.

त्यांनी मेडिकल बोर्डाचा कागद बाहेर काढला आणि आकड्यावर बोट ठेवले. “बोर्डानं तीस टक्के लिहिलंय. बाकीचे सत्तर मीच घालवतोय, मॅडम.”

हे वाक्य माझ्या ओठांवर कित्येकदा आले होते. ते मी गिळत राहिले, याचे आज समाधान वाटते. माझ्या तोंडून ते उपदेश ठरले असते.

पुढच्या भेटीत त्यांनी सांगितले की, सोमवारपासून दुकानात जायचे ठरले आहे. पगार रोख न देता बँकेत जमा कर, नोंद राहू दे, असे त्यांनीच भाच्याला बजावले होते.