वाचकांचे प्रश्न: सरकणारी कॉलर आणि काळं वर्तुळ

प्रश्न: स्क्रूच्या डोक्यासाठी खळगा करणारं काउंटरसिंक बिट नवीनच घेतलं आहे, भोक ठरल्यापेक्षा खोल जाऊ नये म्हणून त्यावर स्टॉप कॉलर (अडवणारं कडं) आहे. पुस्तकांच्या कपाटाला सागाच्या पट्ट्या लावतोय. सुरुवातीची भोकं बरोबर आली, नंतर मात्र स्क्रूची डोकी जास्तच आत जायला लागली. शिवाय प्रत्येक भोकाभोवती काळपट, चकचकीत वर्तुळ उमटतं. सँडपेपर मारला तरी पॉलिशनंतर ते दिसतंच. बिट खराब निघालं का?

उत्तर: मला नाही वाटत. दुखणी दोन आहेत आणि दोन्ही कॉलरची.

आधी खोलीचं बघू. अशा बिटमध्ये बहुधा दोन बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे, आवळायचे स्क्रू) असतात. एक मधलं ड्रिल सिंकमध्ये, म्हणजे खळगा कापणाऱ्या भागात, धरून ठेवतो, दुसरा कॉलर सिंकवर धरून ठेवतो. पहिला ढिला पडला तर आतल्या बारीक भोकाची लांबी बदलते, डोक्याच्या खळग्याला काही होत नाही. तुमचा खळगाच खोल होतोय, म्हणजे दुसरा ढिला आहे आणि दर दाबाला कॉलर थोडी थोडी वर सरकतेय. ग्रब स्क्रूच्या जागी तेल असेल तर पुसून घ्या, सिंकच्या अंगावर सपाट भाग असेल तर ग्रब स्क्रू तिथेच टेकवा आणि मग आवळा. कॉलरच्या वरच्या कडेला लागून मार्करने एक रेघही मारून ठेवा. रेघ झाकली गेली की समजायचं, सरकली. दर भोकानंतर नजर टाकायला क्षणही लागत नाही, पण ती रेघ मारणारे फार थोडे.

याच्या उलट तक्रार घेऊनही लोक येतात: खळगे उथळ व्हायला लागले. त्याचं कारण भुसा. कॉलर लाकडावर टेकतच नाही, मधे साचलेल्या भुशावर टेकते. अर्ध्यात बिट बाहेर काढून भुसा झटकायचा, मग पुन्हा आत. कॉलरला खिडक्या असतील तर त्या काडीने मोकळ्या ठेवायच्या.

आता वर्तुळ. तुमची कॉलर बिटसोबतच फिरणारी असणार. लाकडाला टेकल्यावरही ती फिरत राहते, घासते, तापते. तिथले तंतू दाबले जातात, वरून करपतात, आणि मग पॉलिश तिथे आजूबाजूसारखं मुरत नाही. झालेली वर्तुळं घालवायला ओल्या फडक्याने तेवढा भाग पुसा, तंतू उठतील. पूर्ण वाळू द्या आणि १२० नंबरच्या सँडपेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. पुढच्या भोकांना कॉलर टेकल्याचं जाणवताच हात उचला, वरून दाबत राहू नका. दर्शनी काम नेहमीचं असेल तर बेअरिंगवर मोकळी फिरणारी कॉलर घ्या. ती लाकडाला लागताच थांबते, आतलं बिट फिरत राहतं. माझ्या मते हा खर्च चोख वसूल होतो. कपाटाच्या आतली, कुणाला न दिसणारी भोकं असतील तर मात्र साधी कॉलर पुरते.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. कॉलर पट्टीने मोजून लावू नका. त्याच लाकडाच्या तुकड्यावर भोक पाडा, जो स्क्रू वापरणार तोच पिळून बघा आणि डोकं पृष्ठभागाच्या किंचित खाली बसेपर्यंत कॉलर हलवा. स्टॉपला फक्त बिट किती आत गेलं ते कळतं. सागात डोकं खळग्यात टेकून थांबेल, पाइनमध्ये तेवढ्याच खळग्यातून आणखी आत ओढलं जाईल. म्हणून लाकूड बदललं की स्टॉप पुन्हा लावायचा.

प्रश्न: पितळी स्क्रूचं डोकं खळग्यात बसतं, पण काठाभोवती बारीक फट राहते. आणखी खोल केलं तर डोकं खाली जातं, फट तशीच.

उत्तर: कोन जुळत नाही. मेट्रिक स्क्रूच्या डोक्याचा कोन ९०° असतो, अमेरिकी इंची स्क्रूचा ८२°. तुमचं सिंक ९०° चं आणि स्क्रू ८२° चा दिसतोय. डोकं खाली मानेजवळ टेकतं आणि वर काठाला फट राहते. उलट जोडी असेल तर डोकं वरच्या काठावर टेकतं आणि पोकळी खाली राहते, ती दिसत नाही एवढंच. खात्री करायची तर डोक्याच्या उतारावर पेन्सिल घासा, स्क्रू खळग्यात ठेवून हाताने फिरवा आणि शिसं कुठे उमटलं ते बघा. मऊ लाकडात हा फरक दबून जातो, कठीण लाकडात पितळेबरोबर तो डोळ्यात भरतो. आणि पितळी स्क्रू थेट पिळू नका, मान तुटेल. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत घालून काढा, मग मेण लावून पितळी.

प्रश्न: खोक्याच्या आतल्या कोपऱ्यात कॉलर शेजारच्या फळीला अडते. काय करावं?

उत्तर: कॉलर काढून ठेवा. ड्रिलने भोक पाडून घ्या, खोलीच्या खुणेला बिटवर चिकटपट्टी गुंडाळा. खळगा नुसतं सिंक हातात धरून फिरवून करा, चार-दोन भोकांना तेवढं पुरतं. जमत असेल तर जोडण्यापूर्वीच फळ्या सपाट ठेवून सगळी भोकं उरका.

प्रश्न: खळग्याच्या भिंतीवर लाटा उठतात, बिट थरथरतं.

उत्तर: वेग कमी करा, दाब वाढवा. तरीही थरथरलं तर अनेक धारांचं सिंक बाजूला ठेवा आणि आरपार तिरकं भोक असलेलं एका धारेचं सिंक वापरा. त्याने खळगा गुळगुळीत येतो.

प्रश्न: स्क्रूवर लाकडी बुच बसवायचं आहे. १८ मिमी फळीत किती खोल जावं?

उत्तर: ८ मिमी. डोक्याखाली १० मिमी लाकूड उरतं, तेवढं पकडीला हवंच. बुचाच्या रेषा फळीच्या रेषांना जुळवा, गोंद वाळल्यावर वरचा भाग पटाशीने एका फटक्यात न उडवता थोडा थोडा काढा. रेषा आत उतरत्या असतील तर बुच पृष्ठभागाच्या खालीच तुटतं.